दुखतंय म्हणायचं नाही

"सांग पिन-रुई, आज मावशीनं तिथं नर्सला काय काय सांगितलं?"

आमाने हातातल्या काड्या वाडग्यावर आडव्या ठेवल्या आणि नातीकडे पाहिलं. जेवणाच्या टेबलावर सगळ्यांचे घास थांबले. ती मावशी म्हणजे शिऊ-मान. पोरगी काय सांगणार हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि ती सांगितल्याशिवाय राहायची नाही हेही ठाऊक होतं...

"मावशीनं माझ्याबद्दल सांगितलं, की माझं तोंड आतून सोललंय. पायाला मुंग्या येतात. मी उंबऱ्याला अडखळून पडले. आणि पांघरुणात तोंड घालून रडते." दहा वर्षांची ती पोर खाली मान घालून घडाघडा बोलत होती. "मग नर्सताईनं मला किती दुखतंय ते दाखवायचं चेहऱ्यांचं चित्र दिलं. मी हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं."

"शहाणी माझी बाय ती!" आमाने तिच्या केस गेलेल्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्याच हाताने शिऊ-मानच्या पुढ्यातला वाडगा बाजूला सारला. "आणि तू गं? पोर स्वतः म्हणते दुखत नाही, आणि तू चारचौघांत तिच्या दुखण्याची दवंडी पिटतेस? घर ऐकत असतं, तथास्तु म्हणत असतं, एवढीही अक्कल नाही तुला? पोटची असती तर रेटली असती का तुझी जीभ?"

पोटची असती तर...! हे तीन शब्द शिऊ-मानने या घरात इतक्या वेळा गिळले होते, की त्यांची चवही आता कळेनाशी झाली होती. तरी प्रत्येक वेळी घशाखाली उतरताना ते तितकेच बोचत. तिने नवऱ्याकडे पाहिलं. वन-ल्यांग वाडग्यात तोंड खुपसून शेवया ओढत होता. आई आणि बायको यांच्यात काही पेटलं की त्याला हटकून भूक लागायची.

ती उठली, आणि उपाशीपोटीच मागच्या अंगणात बांबूच्या ताटांवर वाळत घातलेल्या शेवया गोळा करायला गेली. तैनानच्या या भागात घरोघर हाच धंदा. ऊन असेल तोवर शेवया वाळवायच्या आणि ऊन कललं की उचलायच्या, मग घरात कुणी मरत असो की जगत असो.

खरं तर आमा दुष्ट बाई नव्हती हो! तीच तर पंचाईत होती. दुष्ट असती तर शिऊ-मानने तिचा तिरस्कार तरी केला असता. पण नातीवर तिचा जीव होता, नुसता जीव नव्हे, प्राण! वन-ल्यांगची पहिली बायको, पिन-रुईची आई, पोर जेमतेम तीन वर्षांची असताना आजाराने गेली. आणि जाताना, "मला सोसत नाही, मी आता मरते, मी मरते" असा आक्रोश करत गेली. आमाने तेव्हापासून मनाशी एक गाठ घट्ट मारून ठेवली होती: सून बोलली म्हणून मेली. दुखण्याचं नाव घेतलं की दुखणं खुर्ची ओढून बसतं. म्हणून या घरात कॅन्सर हा शब्द कुणी उच्चारलेला नव्हता. पिन-रुईचं 'रक्त जरा अशक्त' होतं, एवढंच. आणि शिऊ-मान ही नंतर आलेली, सावत्र, तिला पोरीने 'मावशी' म्हणायचं हे आमानेच ठरवून दिलेलं.

शिऊ-मानला या जगात फक्त एकच गोष्ट हवी होती... या पोरीने एकदा, फक्त एकदा, खरं सांगावं! कारण दवाखान्यात मुलांच्या त्या विभागाची रीतच तशी होती. औषधाने काय काय होतंय ते आधी मुलाला विचारायचं, मग घरच्यांना. आणि दोघांचं जुळलं नाही तर मुलाचं धरायचं, कारण दुखणं ज्याचं त्यालाच कळतं. रीत चांगली होती, त्यात वाद नाही. पण ती रीत बांधणाऱ्यांच्या गावी हे नव्हतं, की आमासारखी आजी ज्या घरात आहे त्या घरातलं गुणी लेकरू जिवंत जळत असलं तरी हसऱ्या चेहऱ्यावरच बोट ठेवणार!

"मला दिसतंय हो तिचं पाऊल ओढतंय," नर्स को तिला बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या. "पण तोंडानं ती नाही म्हणते. तुम्ही तिला बोलतं करा. तिची आई आहात ना तुम्ही?"

"मावशी," पिन-रुईने लगेच दुरुस्ती केली होती.

त्या संध्याकाळी पोरीचे पाय गरम पाण्यात चोळताना शिऊ-मानने पुन्हा विषय काढला. तळव्याला नखाने टोचलं तरी पोर हलली नाही.

"बाळा, हे कळतंय का तुला?"

"कळतंय."

"मी काय केलं आत्ता?"

पिन-रुईने वाकून आपल्या तळव्याकडे पाहिलं. मग अचानक तिचे डोळे भरून आले. "मावशी, तू मला सारखी खोटारडी का पाडतेस? माझी आई ओरडली म्हणून मेली. मी नाही ओरडणार. आमा म्हणते, जे सोसतात तेच जगतात... मला मरायचं नाहीये!"

एवढ्याशा जिवाने केवढा हा हिशेब मांडून ठेवला होता! शिऊ-मानला पोरीला छातीशी कवटाळावंसं वाटलं, पण दारात आमाची सावली पडली, आणि पोरीने घाईघाईने डोळे पुसून मोजे चढवले.

"काय फूस लावतेयस तिला?" आमा म्हणाली. "नव्या वर्षाचा सण तोंडावर आलाय. निदान तेवढे दिवस तरी तोंड आवर."

सण आला. जुन्या वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी गोल टेबलाभोवती सगळं घर बसलं. अख्खा वाफवलेला मासा, मुळ्याच्या वड्या, कोंबडी, आणि मधोमध लांब आयुष्याची ती हिरवी मोहरीची पानं... ती तोडायची नाहीत, चावायची नाहीत, देठापासून शेंड्यापर्यंत अखंड गिळायची; जितकं पान लांब तितकं आयुष्य. आमाने त्यातलं सगळ्यात लांब पान निवडून भक्तीने नातीच्या वाडग्यात घातलं.

"खा राणी. माझं आयुष्य तुला."

त्या तोंडाची काय दशा आहे हे शिऊ-मान रोज बघत होती. जिभेच्या कडेला, गालांच्या आत, पांढरे चट्टे. साधं पाणी गेलं तरी पोरगी पायाची बोटं आखडून घ्यायची. आणि हे कडू, खारट, गरम पान!

"आई, तिला पेज देऊ या का? तोंडात..."

"आज सुद्धा?" आमाने डोळे वटारले. "शुभ बोल नाऱ्या म्हटलं की तुझ्या तोंडात मांडवाला आगच यायची!"

वन-ल्यांग हसला. नणंद हसली, नणंदेचा नवरा हसला. आणि पिन-रुईने ते पान उचललं, तोंडात घातलं, आणि गिळत राहिली... गिळत राहिली... तिच्या कानामागून घाम ओघळत होता आणि ओठ हसत होते. पान संपलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शिऊ-मानला तिथे बसवेना. पाणी आणायचं निमित्त करून ती आत गेली आणि पदार्थांच्या वाफेत उभी राहून रडली.

ती तिथे रडत असताना बाहेर पिन-रुई आमाच्या कानाला लागली होती. पण ते तिला तेव्हा कुठून कळायला!

नव्या वर्षाचा पहिला दिवस उजाडला. या दिवशी केर काढायचा नाही, कात्री धरायची नाही, रडायचं नाही, अभद्र बोलायचं नाही. औषध घेतलं तर वर्षभर औषध सुटत नाही, आणि दवाखान्याची पायरी चढलेला माणूस वर्षभर ती पायरी उतरत नाही. पोरगी आमाच्या खोलीत झोपली होती आणि दाराला आतून कडी होती.

"अजून उठली नाही?" शिऊ-मानने दोनदा विचारलं.

"झोपू दे. दमलीय काल." आमा कडी काढून बाहेर आली आणि दार अडवून उभी राहिली. तिच्या नव्या लाल स्वेटरची बाही कोपरापर्यंत भिजलेली होती. शिऊ-मान त्या बाहीकडे बघतच राहिली. भिजली कशाने?

"आई... तुम्ही तिच्या कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवताय?"

आमाने भिजली बाही पाठीमागे लपवली. शिऊ-मानने तिला हाताने बाजूला केलं. चार वर्षांत पहिल्यांदा तिने सासूच्या अंगाला असा हात लावला. आत रजयांच्या ढिगाखाली पिन-रुई थडथड उडत होती. ओठ राखेसारखे, कपाळ तव्यासारखं, डोळे अर्धे उघडे.

"ताप आला की त्याच पावली निघा, पाणी प्यायलाही थांबू नका, असं बजावलं होतं दवाखान्यात!" शिऊ-मान किंचाळली. "हिच्या रक्तात लढायला काही उरलेलं नाही! कधीपासून आहे हे? आई, कधीपासून?"

"आत्ताच! आत्ताच जरासं अंग कोमट झालंय." आमाने तिचा दंड धरला. "आजचा दिवस जाऊ दे गं. फक्त आजचा दिवस! उद्या पहाटे मी स्वतः पाठीवर घालून नेते. आज नेलीस तर वर्षभर..."

"आज नाही नेली तर ती मरेल!"

झालं. तो शब्द नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी, पूर्वजांच्या समोर, उदबत्तीच्या धुरात मोठ्याने उच्चारला गेला. आमाचा हात उठला आणि शिऊ-मानच्या गालावर पडला. वन-ल्यांग दारात उभा होता. तो आईला काही म्हणाला नाही, बायकोलाच म्हणाला, "काय बोललीस हे तू? आजच्या दिवशी?"

शिऊ-मानने पोरीला ब्लँकेटसकट उचललं, अंगणात आली, आणि मग तोही निमूट आला आणि त्याने गाडी काढली. रस्ताभर फटाके वाजत होते. प्रत्येक आवाजाला पोरगी दचकायची आणि शिऊ-मान तिच्या कानांवर हात ठेवायची.

दवाखान्यात तिला ताबडतोब काचेच्या खोलीत घेतलं. सुया, नळ्या, यंत्रं. जंतूंचं विष रक्तभर पसरलं होतं.

आमा त्या दिवशी आली नाही. दुसऱ्या दिवशी आली, आणि आल्या आल्या भर दालनात, इतर मुलांच्या आयाबापांच्या देखत, तिने शिऊ-मानकडे बोट केलं.

"हीच ती! हिनंच शाप दिला माझ्या पोरीला! पहिल्या दिवशी, देवासमोर, 'मरेल' म्हणाली! एक गेली ती स्वतःच्या तोंडानं गेली, आणि हिला ही आपल्या तोंडानं घालवतेय! सावत्र ती सावत्रच..."

लोक वळून बघू लागले. एका बाईने आपल्या मुलाला शिऊ-मानच्या शेजारच्या खुर्चीवरून उठवून दूर नेलं. वन-ल्यांग भिंतीला टेकून उभा होता. डोळे लाल झालेले. तो हळूच म्हणाला, "खरंच, का बोललीस गं तू? नसतं का जमलं नुसतं उचलून आणायला?"

हा घाव मात्र तिच्या वर्मी बसला. जगाने काही म्हणावं, सासूने म्हणावं... पण तूही? तिला म्हणायचं होतं, मी बोलले म्हणून नव्हे, तुम्ही बोलू दिलं नाही म्हणून! पण त्या काचेपलीकडे पोरगी होती, आणि तिच्या उशाशी भांडण जाऊ नये म्हणून शिऊ-मान तेही गिळून बसली.

थोड्या वेळाने नर्स को बाहेर आल्या. "शुद्धीवर आलीय. काही विचारायचंय तिला. घरच्यांनी आत यायला हरकत नाही, तोंडाला पट्ट्या बांधा." आमा सगळ्यांच्या पुढे होती. तिने आत शिरताच नातीचा हात धरला आणि सवयीने म्हणाली, "काही नाही हं राणी. माझी बाय सोसणारी आहे."

नर्स को वाकल्या. चित्र त्यांनी आणलंच नव्हतं. "पिन-रुई, हुडहुडी कधी भरली तुला? आठवतंय? हे खरं सांगणं फार गरजेचं आहे गं."

पोरीने आधी आमाकडे पाहिलं. मग तिची नजर फिरत फिरत पायाशी, सगळ्यांच्या मागे उभ्या असलेल्या शिऊ-मानवर आली, आणि तिथेच थांबली.

"जेवताना," ती म्हणाली. आवाज तिचा राहिलाच नव्हता. "ते पान गिळत होते तेव्हा. मी आमाला सांगितलं कानात... मला थंडी वाजतेय म्हणून. आमा म्हणाली, आज नाही. मावशीला सांगू नको, ती दवाखान्यात नेईल." ती थांबली, धापा टाकल्या. "मग मी नाही सांगितलं."

आमाच्या हातातून नातीचा हात गळला.

"दुखतंय का आता?" नर्स को यांनी विचारलं.

"दुखतंय. सगळं. तोंड दुखतं, पोट दुखतं. पायाचं कळत नाही, पाय आहेत की नाहीत." पोरीच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे वाहू लागलं. "मावशी खरं सांगायची. मीच खोटं बोलायचे. तिला रागावू नका... मावशी, मी आता सांगितलं ना सगळं? आता बरं वाटेल ना मला?"

देवा...! एवढा काळ ज्या खऱ्या शब्दांसाठी शिऊ-मानने जीव टाकला, ते आज मिळाले. आणि त्यांचा उपयोग काय, तर गुंगीचं औषध वाढवण्यापुरता! तिने पुढे होऊन त्या तापलेल्या कपाळावर आपलं कपाळ टेकवलं.

"वाटेल हं, बाळा. आता बरं वाटेल."

आयुष्यात पहिल्यांदा शिऊ-मान त्या पोरीच्या दुखण्याबद्दल खोटं बोलली. पिन-रुई दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. ओरडली नाही.

आमा तेव्हापासून जेवली नाही. घरी आणलेल्या त्या लहानशा शवपेटीसमोर ती भिंतीला पाठ लावून बसून राहिली, आणि कुणी समजवायला गेलं की एकच वाक्य म्हणायची, "मी झाकून ठेवली गं तिला. रजयांखाली झाकून ठेवली."

पण रीत कुणाला चुकते? निघायची वेळ झाली तशी गल्लीतली म्हातारी मंडळी जमली. आईबापांच्या आधी जाणारं लेकरू म्हणजे ऋण बुडवून पळालेलं लेकरू. म्हणून आईने काठीने पेटीवर तीनदा मारायचं, का गेलीस म्हणून जाब विचारायचा, आणि तिथूनच पाठ फिरवायची. घरातल्या थोरांनी दहनाला जायचं नाही. काळ्या केसांचं लेकरू पुढे आणि पांढऱ्या केसांचे थोर त्याला पोचवायला मागे, असं कधी चालायचं नाही. गेलीच आई, तर तिच्या प्रत्येक पावलाचं पाप त्या लेकराच्या माथी.

काठी कुणी धरायची याची कुजबुज सुरू झाली. खरी आई तर नाही. नणंद म्हणाली, "आजी धरेल."

तेव्हा आमा उठली. भिंतीचा आधार घेत शिऊ-मानपर्यंत आली, आणि भर अंगणात, गल्लीच्या देखत, त्या म्हातारीने सुनेच्या पायांवर डोकं ठेवलं!

"आई, काय करताय हे! उठा..."

"नाही उठत. माझं पाप केवढं हे मला कळलंय गं. तू आई होतीस तिची. मी होऊ दिलं नाही. तिच्या तोंडून तो शब्द मी येऊ दिला नाही." तिने काठी शिऊ-मानच्या हातात दिली आणि गल्लीकडे वळून मोठ्याने सांगितलं, "ऐका सगळे! हीच माझ्या पिन-रुईची आई! काठीचा मान हिचा!"

आई...! ज्या शब्दासाठी तिने या घरात चार वर्षं उपाशी राहून ताटं उचलली, थप्पड खाल्ली, टोमणे गिळले, तो शब्द आज सासूने स्वतःहून तिच्या ओटीत घातला होता. वन-ल्यांग ढसाढसा रडत होता. शेजारणी डोळे पुसत होत्या. शिऊ-मानने काठी घट्ट धरली. ती पेटीजवळ गेली, वाकली, आणि मग थांबली.

"हिच्याबरोबर कोण जाणार?" तिने विचारलं.

पेटी उचलायला आलेली माणसं एकमेकांकडे बघू लागली. त्यांतला एक म्हणाला, "आम्ही आहोत ना दोघं. लहान भावंडं नाहीत म्हणता, मग आम्हीच."

दोघं परके पुरुष. आणि सुईच्या खोलीतसुद्धा एकटी जायला घाबरणारं ते लेकरू...

शिऊ-मानने मागे वळून ती काठी आमाच्या हातात परत दिली.

"आई, ही तुम्हीच धरा. मी हिची आई नाही."

"असं नको गं बोलूस! मी पाया पडते..."

"मी मावशी. नंतर आलेली, बाहेरची. सगळ्या गल्लीला ठाऊक आहे." तिचा आवाज शांत होता. "आईनं पोचवलं तर पोरीला पाप लागेल. बाहेरच्या बाईनं पोचवलं तर कसलं पाप? मला जाऊ दे तिच्याबरोबर."

आमाला काय मागितलं जातंय ते कळलं, आणि ती मटकन खाली बसली. काठी तिच्या मांडीवर तशीच पडून राहिली. शेवटी वन-ल्यांगने ती उचलली आणि बापाच्या हाताने पेटीवर तीनदा मारली. मग तो पाठ फिरवून घरात गेला आणि दार लोटलं गेलं.

पेटी गाडीत चढवली. शिऊ-मान मागोमाग चढली आणि लाकडावर हात ठेवून बसली. मागे आमाचा टाहो ऐकू येत होता, "तिची आई आहे ती... अरे, सांगा कुणी त्यांना, आई आहे ती...!"

गाडीवाला क्षणभर घुटमळला. त्याने आरशातून तिच्याकडे पाहिलं. "बाई, आई असाल तर उतरावं लागेल. कोण तुम्ही मुलीच्या?"

"मावशी," शिऊ-मान म्हणाली. "चला."